दिवा विझवताना

(अंधारं अंगण. वुजूच्या, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्याच्या, पाण्याचा आवाज.)

इशाची, म्हणजे रात्रीची, नमाज झाली की घर निजानीज करू लागतं. इशाआधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं, दोन्ही पैगंबर मुहम्मदांना आवडत नसे.

झोपण्याआधीची कामं अगदी घरगुती आहेत. दार लावा, भांडी झाका, पखालीचं तोंड बांधा, दिवा मालवा. दिवा कशासाठी? हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, कारणही दिलंय: उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि घर जाळतो. सातव्या शतकातल्या मदिनेतली ही काळजी. आज आपण गॅस बंद केलाय ना, म्हणून पुन्हा उठून बघतो, तशीच.

मग वुजू. अंथरूण झटकायचं, कारण आपल्यामागे त्यात काय येऊन बसलंय कुणास ठाऊक. कोकणात पावसाळ्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

उजव्या कुशीवर, हात गालाखाली. कबरीतही माणसाला उजव्या कुशीवरच ठेवतात, तोंड किबल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काबाच्या दिशेला. कुरआनच्या 39व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, म्हटलंय की अल्लाह झोपेतही प्राण काढून घेतो. ज्यांची वेळ भरली त्यांचे ठेवून घेतो, बाकीच्यांचे ठरल्या मुदतीपर्यंत परत पाठवतो. म्हणून झोपतानाची दुआ अशी, ‘तुझ्या नावानं मरतो आणि जगतो.’

(जात्याची घरघर.)

पैगंबरांची लेक फातिमा. दळून दळून हात सोलवटलेले. कामाला माणूस मागायला ती वडिलांकडे गेली, तर ते घरी नव्हते. रात्री तेच आले. लेक-जावई अंथरुणावर होते, उठू लागले. ‘राहा तसेच,’ म्हणत ते दोघांच्या मध्ये बसले. त्यांच्या पावलांचा गारवा जावयाला, अलींना, जाणवला. माणूस काही मिळाला नाही. मिळाली ती झोपतानाची तसबीह, म्हणजे जप: 33 वेळा सुबहानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. अली म्हणत, ती कधी चुकवली नाही. मुसलमानांच्या आपसातल्या सिफ्फीनच्या लढाईच्या रात्रीसुद्धा? हो, तेव्हाही नाही.

शेवटी आयतुल कुर्सी, कुरआनातली एक आयत. ‘त्याला ना डुलकी येते, ना झोप.’ माणूस डोळे मिटतो तो हे म्हणत.

(पहाट. दूरवर अजान.)

सुन्नी मशिदींत फजरच्या अजानमध्ये एक ओळ जास्तीची असते, ‘अस्सलातु खैरुम मिनन्नौम’. झोपेपेक्षा नमाज बरी. अंथरुणात कुणीतरी कूस बदलतं, तोंडावरून हात फिरवतं, आणि नळ सुरू होतो.