रात्री इंटरकॉम वाजतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

मास मीडिया शिकणाऱ्या मुलांना एक काम असतं: भयपटाची सुरुवात बनवायची. फक्त पहिली दोन मिनिटं. आमच्याकडे नेरूळला मी हे काम करून घेते आणि कॅमेऱ्याला हात लावण्याआधी एक अट घालते. आपला प्रेक्षक कोण आणि तो कशाने घाबरतो, हे आधी लोकांना विचारून या. मुलांना ही कटकट वाटते. मला मात्र हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, म्हणून आज त्याविषयी.

मुलं आधी काय करतात? एक ऑनलाइन फॉर्म बनवतात आणि आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. भयपट आवडतात का? हो. कशाची भीती वाटते? खाली पर्याय: भूत, अंधार, बाहुली, रक्त. तासाभरात उत्तरं येतात, रंगीत आलेख तयार होतो आणि हाती काहीच लागत नाही. उत्तरं देणारे सगळे एकाच वयाचे, तेच तेच सिनेमे पाहिलेले. शिवाय समोर पर्याय ठेवले की माणूस आठवायचे कष्ट घेत नाही, एकावर टिचकी मारून मोकळा होतो. मग सिनेमा निघतो पडक्या बंगल्याचा आणि करकरणाऱ्या दाराचा. सिडकोने आखलेल्या या नवी मुंबईत, सेक्टर आणि प्लॉट नंबरांत वाढलेल्या किती जणांनी रात्री असं दार उघडलंय?

म्हणून प्रश्न बदलायचे. घरात एकटे असताना शेवटचं कधी दचकलात? तेव्हा नेमकं काय ऐकू आलं? कुठला भयपट मध्येच बंद केलात आणि कुठल्या क्षणी? भयपटाच्या वाटेला न जाणाऱ्यांनाही विचारायचं, कारण कुठे नको वाटतं हे तेच नेमकं सांगतात. फॉर्म बाजूला ठेवून माणसांसमोर बसायचं. सोसायटीचा वॉचमन, रात्रपाळी करून महापे एमआयडीसीतून परतणारे काका, करावे गावातल्या आजी. बोलणारा थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतरच येते. आणि कुणाच्या घरातलं खरंखुरं दुःख निघालं, तर वही बंद करायची. ते आपल्या सिनेमासाठी नसतं.

एका गटाला अशा गप्पांत दोन गोष्टी मिळाल्या. एक ताई म्हणाल्या, रात्री इंटरकॉम वाजला की माझ्या पोटात गोळा येतो, एवढ्या रात्री खाली कोण आलं असेल? दुसरीकडे एका आजींनी हाकामारीची आठवण सांगितली. रात्री दाराबाहेरून ओळखीच्या आवाजात हाक येते, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी हे ऐकलंय. मुलांनी दोन्ही एकत्र आणलं. रात्रीचा दीड वाजलाय. मुलगी अभ्यास करतेय. इंटरकॉम वाजतो. वॉचमन विचारतो, "ताई, तुमच्या आई आल्यात, वर सोडू का?" मुलगी हळूच मान वळवते. आतल्या खोलीत आई झोपलेली आहे.

हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नुसतं डोकं धरून बसून हे सुचलं नसतं.

आणखी एक प्रश्न मुलं हमखास विसरतात: तुम्ही सिनेमा कशावर पाहता? बहुतेक उत्तर मोबाइल असतं, तेही हार्बर लाइनच्या गाडीत. आता मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खोल, घुमणारा आवाज जवळजवळ येतच नाही. भीतीसाठी पार्श्वसंगीतात खर्जातली घरघर टाकली असेल, तर ती वाया जाते. उजेडात गडद चित्रही दिसत नाही, पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो. म्हणून या गटाने खोलीत टेबललॅम्प ठेवला आणि सगळा भर इंटरकॉमच्या कर्कश घंटीवर दिला. ती कुठेही ऐकू जाते.

वयही ठरवावं लागतं. २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर आपल्याकडे यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या सिनेमाच्या प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे झाले आहेत. वर्गातलं काम सेन्सॉरकडे जात नाही, पण टप्पा धरला की रक्त किती दाखवायचं हा वाद मिटतो.

मग रफ कट, म्हणजे सिनेमाची पहिली कच्ची जुळणी, लोकांना दाखवायची. तेव्हा पडद्याकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून बसायचं. कुणाचा हलणारा पाय थांबतो, कोण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतं, कोण मोबाइल उचलतं, हे वेळेसकट टिपायचं. या गटाच्या प्रेक्षकांनी मोबाइल उचलले ते पाम बीच रोडच्या दिव्यांवर. मुलांचा लाडका शॉट होता. काढावा लागला.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा १९७५चा शार्कवरचा 'जॉज' आठवा. चाचणी खेळात प्रेक्षक एका जागी जोरात किंचाळले, तेव्हा स्पीलबर्गना आणखी एक किंचाळी हवीशी वाटली. संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात, पाणी गढूळ दिसावं म्हणून दुधाची पावडर टाकून, बुडालेल्या बोटीतून बाहेर येणाऱ्या मुंडक्याचा शॉट त्यांनी नव्याने घेतला. प्रेक्षक किंचाळले. पण पुढे शार्क वर येतो त्या जागची किंचाळी कमी झाली, असं स्पीलबर्गच सांगतात. एकदा दचकलेला प्रेक्षक सावध होऊन बसतो.

आमच्या मुलांनाही शेवटी एक भेसूर चेहरा अंगावर आणायचा होता. म्हटलं, दोन्ही प्रकार दाखवा आणि 'आवडलं का' असं विचारू नका. 'पुढे काय होईल' एवढंच विचारा. चेहरा पाहिलेले दचकले, हसले आणि विषय संपला. चेहरा न पाहिलेले आपसांत भांडू लागले. खालची आई खरी की आतली? वॉचमन तरी खरा आहे का? मुलांनी चेहरा स्वतःहून काढला.

तर श्रोतेहो, ठाण्यात, नवी मुंबईत कुठेही अशी मुलं वही घेऊन तुमच्या दाराशी आली, तर पाच मिनिटं द्या. भुताची गोष्ट रचून सांगू नका. पाण्याचा पंप अवेळी सुरू झाला, लिफ्ट रिकामीच तुमच्या मजल्यावर थांबली, असं जे खरंच घडलं आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत, ते सांगा. त्यांना तेच हवं असतं. नमस्कार.