साडेतीन महिन्यांची सुई

(दृश्य: अंगणवाडीची ओसरी. लसीचा निळा डबा.)

डब्यात बर्फाच्या चार पट्ट्या आहेत. आत ठेवण्याआधी सिस्टरांनी एकेक पट्टी कानाशी धरून हलवली, आत पाणी खळखळलं पाहिजे. दगडासारखी गोठलेली पट्टी लागून पेंटाची, म्हणजे पाच आजारांच्या एकत्र लसीची, बाटली गोठली, की ती लस वाया गेली. जळगावच्या मे महिन्यात लस उन्हानं बिघडते हे सगळ्यांना पटतं. गारठ्यानंही बिघडते, हे सांगावं लागतं.

आज आलेली बाळं दीड महिन्याची. तोंडात पोलिओचे दोन थेंब आणि जुलाबांविरुद्धच्या रोटा लसीचा डोस, डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकल, उजव्या दंडावर पोलिओची छोटी सुई. तीन सुया एकदम पाहून आईचा जीव खालीवर होतो. पण एकट्या पेंटात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर आणणारा जंतू), अशा पाच आजारांची लस आहे. साधी सर्दी असेल तरी सुई पुढं ढकलू नये.

(दृश्य: बाळाची मांडी, जवळून.)

‘सुई दिधी का पोरले ताप येस.’ घरोघरी हेच बोलतात, आणि ते खरं आहे. म्हणूनच ते टोचण्याआधी सांगायचं. न सांगता ताप आला, की सासू म्हणते, आता पुन्हा नको, आणि पुढचे डोस तिथंच राहतात. ताप बहुधा एक-दोन दिवस राहतो. अंगावर पाजत राहा, कपडे सैल ठेवा. तापाचं औषध बाळाचं वजन बघून सिस्टर सांगतील तेवढंच. सुजेवर स्वच्छ ओलं फडकं ठेवा. चोळू नका, हळद-चुना लावू नका. टोचल्यावर अर्धा तास इथंच बसा. बाळ तीन तासांहून जास्त सलग रडलं, झटके आले किंवा अंग लुळं पडलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

जन्मानंतर डाव्या दंडावर दिलेल्या बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लसीची, गाठ काही आठवड्यांनी पिकते, मग सुकून व्रण राहतो. ते तसंच व्हायचं असतं. त्यावर मलम नको.

खरी गळती पेंटाच्या तिसऱ्या, साडेतीन महिन्यांच्या डोसाला होते. दिवाळी झाली की धुळे-नंदुरबारची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. बाळाच्या कपड्यांबरोबर लसीचं कार्डही बांधून घ्या. सुरतेकडच्या सरकारी दवाखान्यातही हीच लस फुकट मिळते. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात नाही, राहिला तिथून पुढं. फक्त एका डोसापासून पुढच्या डोसापर्यंत निदान चार आठवडे जायला हवेत. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची पहिली सुई आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी सुई.

(दृश्य: कार्डावर पेन्सिल.)

सिस्टर पुढची तारीख पेन्सिलीनं लिहितात. नुसती तारीख लक्षात राहत नाही. आशाताई गावच्या आठवडे बाजाराच्या हिशेबानं सांगतात, चार बाजार झाले की या. मग आईकडून तेच एकदा म्हणवून घेतात, आणि सासूकडूनही.