बुधवारी बाग बंद

मंडळी, संयोजकांनी विषय दिलाय 'रोजच्या जगण्यातली बाग'. ऐकल्यावर वाटलं, आता रक्तदाब, मधुमेह, प्राणवायू यांवर बोलावं लागणार. ते तुमचे डॉक्टर सांगतातच, आणि तुम्ही ऐकत नाही हेही मला ठाऊक आहे. तेव्हा मी एकाच बागेबद्दल बोलतो. राणीची बाग.

किती जण गेलाय तिथे? सगळेच. किती वेळा? एकदा लहानपणी, एकदा मुलांना घेऊन, आणि आता नातवंडांना पेंग्विन दाखवायला. जन्मात तीन खेपा, आणि तिन्ही खेपांना नजर पिंजऱ्याकडे.

मी भायखळ्याला एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. डबा खाऊन झाला की अर्धा तास उरायचा. टपरीवर उभं राहा, नाहीतर बागेत फेरी मारा. सुरुवातीचे काही महिने मला बागेत काहीही दिसलं नाही. वड, पिंपळ, आंबा, नारळ ओळखायचो. उरलेलं सगळं नुसतं 'झाड'.

मग एकदा एका झाडाच्या शेंड्यांना तांबूस-तपकिरी पानांचे झुबके लोंबताना दिसले. पिळून वाळत टाकलेल्या हातरुमालांसारखे, मलूल. मला वाटलं, झाड चाललं. माळ्याला म्हटलं, "अहो, हे वाळतंय बघा." तो हातातली नळी न सोडता म्हणाला, "वाळतंय कुठलं साहेब, कवळी पानं हायेत ती. बघा आठ-पंधरा दिवसांनी." मी रोज बघायला लागलो. तांबूस रंग हळूहळू उतरला, मधे एक फिकट, आजारी वाटावा असा हिरवा आला, आणि एका दुपारी ती पानं ताठ झालेली दिसली. ते झाड उर्वशीचं. मूळचं ब्रह्मदेशातलं. कोवळ्या पानात हरितद्रव्य उशिरा भरायचं, म्हणजे किड्यांनी ती खाल्ली तरी झाडाचं फार जात नाही, असा त्यातला हिशेब सांगतात. पुढे त्याला लाल फुलांचे घोस लोंबले, पाकळ्यांवर पिवळा ठिपका. फुलं कोणीही पाहतं हो. पानं ताठ होताना बघायची तर रोज जावं लागतं.

ही बाग १८६२ साली खुली झाली. त्याआधीची बाग शिवडीला होती, ती जागा कबरस्तानाला गेली आणि बाग भायखळ्याला आली. पुढे शहराला जे जे नकोसं झालं किंवा जड झालं, तेही इथेच येऊन बसलं. घारापुरीचा दगडी हत्ती इंग्रज विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला. त्याचे तुकडे इथे आणून पुढे जोडले. सातव्या एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा, म्हणजे तो काळा घोडा, १९६५ मध्ये इथे आला. नाव मात्र फोर्टातल्या चौकाला चिकटून राहिलं. हत्तीच्या सोंडेखाली बसून भेळ खाणाऱ्या माणसाला यातलं काही माहीत नसतं, आणि त्याचं काही अडतही नाही.

३,००० च्या वर झाडं आहेत तिथे. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नव्या आराखड्याची बातमी आली, तेव्हा या झाडांवर जीव असलेल्या काही जणी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोहीम चालवली. वर्षातून एकदा जाणाऱ्याला झाड गेलेलंही कळत नाही, तो भांडणार कशाला?

माणसांचंही तसंच. गोरखचिंचेच्या त्या ढोल्या बुंध्यापाशी एक गृहस्थ रोज उर्दू पेपर वाचत बसायचे. आम्ही मान हलवायचो. नाव त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. बाकावर एक सोय असते बघा, तिथे ओळख वाढवावीच लागत नाही. घरी, कचेरीत ही सवलत कोण देतं?

बुधवारी बाग बंद असते. हे मला पाठ होतं, तरी एका बुधवारी मुद्रितांच्या तंद्रीत पाय तिकडेच गेले. फाटकाला कुलूप. शेजारी बघतो तर पेपर काखेत मारलेले तेच गृहस्थ. मला म्हणाले, "आप भी?"