गल्ल्यामागचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील दुकानांत गल्ल्यामागे उभे राहून वस्तूंचे बिल करणाऱ्या आणि पैसे घेऊन पावती देणाऱ्या माणसांची संख्या २०२३ मध्ये सुमारे ३३ लाख होती. त्या देशातील सर्वात मोठ्या व्यवसायांपैकी हा एक. तेथील सरकारच्या कामगार सांख्यिकी विभागाने २०२३ ते २०३३ या दहा वर्षांसाठी जो अंदाज बांधला आहे, त्यानुसार यांपैकी सुमारे साडेतीन लाख जागा कमी होतील, आणि त्याची कारणे म्हणून ग्राहकाने स्वतःच बिल करण्याची यंत्रे व ऑनलाइन खरेदी ही दोन नावे तो विभाग घेतो. या साडेतीन लाख जागांविषयी आज मला बोलायचे आहे. यंत्राने माणसाचे काम घेतले असे आपण सहज म्हणतो. पण या दुकानांत ते काम यंत्राने घेतले आहे का, हे एकदा नीट पाहायला हवे, कारण पुढचे सारे अर्थकारण त्या उत्तरावर उभे आहे.

किरकोळ व्यापारात माणसाचे काम कमी होण्याची गोष्ट जुनी आहे. १९१६ पर्यंत अमेरिकेतही दुकानदार किंवा त्याचा नोकर ग्राहकाची यादी ऐकून एकेक वस्तू काढून देत असे, आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानासारखेच. त्या वर्षी मेंफिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या व्यापाऱ्याने ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले आणि ग्राहकाच्या हाती टोपली देऊन त्याला मालाच्या रांगांमधून फिरायला सांगितले. पुढे २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी, मार्श नावाच्या सुपरमार्केटमध्ये, ६७ सेंटांचे च्युइंगमचे एक पाकीट बारकोड वाचून विकले गेले आणि प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवण्याचे व ती गल्ल्यावर बोटांनी दाबण्याचे श्रम हळूहळू संपले. १९८६ मध्ये अटलांटाजवळच्या क्रोगर दुकानात डेव्हिड हंबल यांनी तयार केलेले, ग्राहकाने स्वतःच बिल करायचे यंत्र बसले. ही तीन पावले एकाच वाटेवरची दिसतात. माझ्या मते तिसरे पाऊल पहिल्या दोहोंपेक्षा वेगळे आहे.

बारकोडचे पाहा. त्यामुळे गल्ल्यावरच्या माणसाचा हात वेगाने चालू लागला, चुका कमी झाल्या, आणि कोणता माल संपत आला आहे हे दुकानाला बसल्या जागी कळू लागले. एमेक बास्कर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी केलेल्या अभ्यासात, बारकोड वाचणारी यंत्रे बसवलेल्या दुकानांची श्रम-उत्पादकता पहिल्या काही वर्षांतच सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढल्याचे दिसले. म्हणजे तेवढ्याच माणसांकडून जास्त काम झाले. सॉन्डर्सच्या दुकानात ग्राहकावर थोडे काम पडले हे खरे, पण नोकरांवरचा खर्च इतका घटला की माल स्वस्त झाला, स्वस्त मालाने गिऱ्हाईक वाढले, आणि वाढत्या गिऱ्हाइकासाठी दुकानांची साखळी पसरत गेली. एका दुकानात माणसे कमी लागली तरी दुकाने वाढली आणि कामही वाढले.

ग्राहकाने स्वतः बिल करायच्या यंत्रात यांतले फारसे काही घडत नाही. वस्तू उचलून काचेपुढे धरणे, सुट्या भाजीचे नाव पडद्यावर शोधणे, पिशवी भरणे, पैसे देणे, ही कामे पूर्वी जेवढी होती तेवढीच राहतात, आणि ती माणूसच करतो. फरक एवढाच की पूर्वी ती रोज आठ तास हेच करणारी सराईत व्यक्ती पगार घेऊन करत असे, आणि आता ती आठवड्यातून एकदा येणारा ग्राहक विनावेतन आणि सावकाश करतो. मध्येच यंत्र अडते, वजन जुळत नाही असे सांगून दिवा लावते, आणि मग पाच-सहा यंत्रांमागे नेमलेल्या एका कर्मचाऱ्याला धावत यावे लागते. दुकानाच्या हिशेबात पगाराचा खर्च कमी झालेला दिसतो, परंतु समाजाच्या हिशेबात श्रम जवळजवळ तेवढेच राहिलेले असतात. त्यांचे पैसे देणारा तेवढा बाजूला झालेला असतो.

अर्थशास्त्रज्ञ डॅरन असेमोग्लू, ज्यांना २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल दोन सहकाऱ्यांसह मिळाले, आणि पास्क्वाल रेस्ट्रेपो यांनी अशा बदलासाठी जी संज्ञा वापरली तिला मी मराठीत ‘जेमतेम यांत्रिकीकरण’ म्हणेन. त्यांचे म्हणणे असे, की यंत्र माणसाला हटवते तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात. एकीकडे काही रोजगार जातो, आणि दुसरीकडे उत्पादन स्वस्त होऊन लोकांच्या हाती जे पैसे उरतात, ते दुसरीकडे खर्च होऊन तेथे नवा रोजगार निर्माण होतो. यंत्र खरोखर कार्यक्षम असेल तर दुसरी बाजू पहिलीची भरपाई करते. यंत्र माणसापेक्षा जेमतेमच सरस असेल, तर माणूस हटतो, पण वाटण्यासारखी नवी बचत फारशी निर्माण होत नाही. आपण सहसा फार हुशार यंत्रांची भीती बाळगतो. रोजगाराच्या दृष्टीने सामान्य यंत्र अधिक घातक ठरू शकते, हा विचार मला या साऱ्या चर्चेतील सर्वात मोलाचा वाटतो, आणि दुकानातील हे यंत्र त्याचे अगदी चपखल उदाहरण आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१७ मध्ये कॉर्नरस्टोन कॅपिटल या संस्थेच्या अहवालाने अमेरिकेतील किरकोळ व्यापारातल्या ६० ते ७५ लाख नोकऱ्या यांत्रिकीकरणामुळे धोक्यात असल्याचे म्हटले होते. तसा प्रलय आलेला नाही. या क्षेत्रात २००० साली दीड कोटीहून थोडी अधिक माणसे होती, आणि आजही जवळपास तितकीच आहेत. मधल्या काळात देशाची लोकसंख्या मात्र साडेपाच कोटींहून अधिक वाढली. जी दुकाने बुडाली, त्यांतील प्रत्येकाचे खापर यंत्रावर फोडणेही बरोबर नाही. २०१८ मध्ये ‘टॉइज आर अस’ ही खेळण्यांची प्रसिद्ध साखळी बंद पडून तीस हजारांहून अधिक लोकांचे काम गेले, त्यामागे ऑनलाइन स्पर्धेइतकाच २००५ मध्ये गुंतवणूकदारांनी ती कंपनी विकत घेताना तिच्याच डोक्यावर चढवलेल्या कर्जाचा वाटा होता.

तरीही या नोकऱ्यांना आकड्यापलीकडे महत्त्व आहे, ते त्या कोणाच्या हाती आहेत यामुळे. कॉर्नरस्टोनच्या त्याच अहवालानुसार गल्ल्यावर काम करणाऱ्यांत ७३ टक्के स्त्रिया होत्या. त्यांच्याबरोबर शाळा नुकतीच संपवलेली मुले असतात, निवृत्तीनंतर चार पैसे हवे असलेले वृद्ध असतात, भाषा अजून नीट न आलेले स्थलांतरित असतात. कारखाने काही जिल्ह्यांत असतात, खाणी काही डोंगरांत. दुकान मात्र प्रत्येक गावात असते. अमेरिकेच्या राजकारणात कोळसा खाणींतील सुमारे पन्नास हजार नोकऱ्यांवर निवडणुकीच्या सभा गाजल्या, आणि गल्ल्यावरच्या लाखो स्त्रियांविषयी त्याच्या शतांशानेही बोलले गेले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

यावर उत्तर दिले जाते ते गोदामांचे. ऑनलाइन व्यापार वाढल्याने अमेरिकेतील गोदामांत २०१० च्या सुमाराला साडेसहा लाखांच्या आसपास असलेले रोजगार पुढच्या बारा वर्षांत अठरा लाखांच्या वर गेले, हे खरेच आहे. पण ती गोदामे कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो-रिव्हरसाइडसारख्या महामार्गांच्या जाळ्यात उभी राहतात. घरापासून चालत जाऊन मुलांच्या शाळेच्या वेळात पाच तास काम करणाऱ्या बाईला ती नोकरी आपल्या जुन्या नोकरीच्या बदल्यात मिळाली, असे कसे म्हणता येईल? शिवाय गोदामेही यंत्रांपासून दूर नाहीत. ॲमेझॉनने २०१२ मध्ये कीवा सिस्टिम्स ही यंत्रमानव बनवणारी कंपनी साडेसत्याहत्तर कोटी डॉलरना घेतली, आणि २०२५ मध्ये आपल्याकडील यंत्रमानवांची संख्या दहा लाखांवर गेल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांतून अजून गल्ल्यावर माणूस आहे आणि बऱ्याच ठिकाणी पिशवी भरून देणाराही आहे, याचे मुख्य कारण पगार कमी आहेत हे होय. यंत्राची किंमत सगळीकडे सारखीच, मजुरीत मात्र अनेक पटींचे अंतर आहे. त्यामुळे येथे हा बदल अमेरिकेच्या वेळापत्रकाने येणार नाही, आणि आला तरी आधी मोठ्या साखळ्यांत येईल.

काही दुकानांनी पावले मागेही घेतली आहेत. इंग्लंडच्या उत्तरेकडील बूथ्स या साखळीने २०२३ मध्ये दोन दुकाने वगळता बाकी सर्व ठिकाणची अशी यंत्रे काढून टाकली, आणि अमेरिकेत डॉलर जनरलने २०२४ मध्ये चोरी व हिशेबातील तूट पाहून आपल्या हजारो दुकानांतून ती हटवली. ज्या बचतीसाठी माणसे कमी केली, तिचा काही भाग तुटीच्या रूपाने बाहेर जात होता. कॅलिफोर्नियातील लाँग बीच शहराने तर २०२५ मध्ये नियमच केला, की अशा दर तीन यंत्रांमागे निदान एक कर्मचारी उभा असलाच पाहिजे. मला हा नियम योग्य वाटतो. यंत्रावर बंदी घालण्याऐवजी तो त्याचा खरा खर्च दुकानाच्याच हिशेबात आणून ठेवतो.

अशा नियमांची चर्चा कमी होते, कारण हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. गल्ल्यावरच्या नोकरीत माणसे फार टिकत नाहीत. अमेरिकेत दरवर्षी तेथे पाच लाखांहून अधिक जागा रिकाम्या होतात आणि पुन्हा भरल्या जातात. त्यामुळे साडेतीन लाख जागा कमी करायला कोणाला काढून टाकावे लागत नाही. कोणी शिक्षणासाठी सोडून जातो, कोणी बाळंतपणासाठी, आणि त्या जागेची जाहिरात दुकानाच्या काचेवर लागत नाही. ना टाळेबंदी, ना मोर्चा, ना वर्तमानपत्रात बातमी. एखाद्या लहान गावातली अठरा वर्षांची मुलगी पहिल्या नोकरीची चौकशी करायला त्या दुकानात जाते, सध्या जागा नाही असे तिला सांगण्यात येते, आणि ती घरी परतते. त्या वर्षीच्या नोकरकपातीच्या कोणत्याही यादीत तिचे नाव नसते.