मोठं दुकान, छोटं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला ॲडिरॉन्डॅक नावाचे डोंगर आहेत. तिथलं लेक प्लॅसिड हे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं गाव. १९३२ आणि १९८० अशा दोन हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा तिथे झाल्या, आणि आजही गावाचं पोट पर्यटकांवर चालतं. नव्वदच्या दशकात तिथे वॉलमार्ट या अवाढव्य दुकानांच्या साखळीला मोठं दुकान काढायचं होतं. व्हाइटफेस पर्वताचं दर्शन त्यामुळे बिघडेल, हे एक मोठं कारण देत नियोजन मंडळाने १९९६ साली परवानगी नाकारली. कंपनी न्यायालयात गेली, पण १९९८ साली निकाल मंडळाच्या बाजूने लागला. ज्या गावाची कमाईच डोंगर पाहायला येणाऱ्यांवर आहे, त्याने डोंगराची बाजू घ्यावी, हे मला अगदी रास्त वाटतं.

शेजारच्या सॅरनॅक लेकची गोष्ट मात्र एवढी सरळ नाही. वस्ती पाच हजारांच्या आसपास. एकेकाळी क्षयाचे रोगी स्वच्छ हवेसाठी इथे येऊन राहत. २००२ मध्ये एम्स ही दुकानांची साखळी बुडाली आणि गावातलं तिचं दुकानही गेलं. मग मुलांचे मोजे, आतले कपडे, चादरी घ्यायच्या तर सुमारे ऐंशी किलोमीटरवरचं प्लॅट्सबर्ग गाठायचं, तेही तिथल्या बर्फात! अशा वेळी वॉलमार्टने सव्वा लाख चौरस फुटांच्या आसपासचं दुकान देऊ केलं आणि गावात दोन तट पडले.

ज्यांना ते दुकान हवं होतं त्यांना नावं ठेवायला माझं मन होत नाही. देखावा सुंदर राहिला पाहिजे हे खरं, पण त्या देखाव्यात राहणाऱ्या माणसाला साध्या गरजेच्या वस्तूही मिळायला नकोत का? विरोध करणाऱ्यांची भीतीही खरीच होती. एवढं अवाढव्य दुकान पाच हजारांच्या गिऱ्हाइकीवर चालत नाही. ते पंचक्रोशीतलं गिऱ्हाईक ओढतं, आणि मग पेठेतला किराणा, औषधांचं दुकान, हार्डवेअरवाला असे एकेक जण शटर खाली ओढतात.

२००६ मध्ये तो बेत बारगळला. गरज मात्र तशीच राहिली. मग गावकऱ्यांनी स्वतःच्या दुकानासाठी शंभर डॉलरला एक असे शेअर काढले. सुमारे सहाशे जणांनी मिळून पाच लाख डॉलर उभे केले. त्याला काही वर्षं लागली. ऑक्टोबर २०११ मध्ये मुख्य रस्त्यावर त्यांचं स्वतःचं दुकान उघडलं, सुमारे चार हजार चौरस फुटांचं. आकाराचा हा फरक लक्षात घ्या, श्रोतेहो. गावाला गरज होती ती एवढ्याच दुकानाची.

आपल्याला हे नवं वाटू नये. १९४८ साली मुंबईत नायगावला ‘अपना बाजार’ सुरू झाला तो अशाच सहकारातून. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला ‘वारणा बझार’ उभा राहिला. आपल्या थंड हवेच्या गावांत मात्र चित्र अवघड होत चाललंय. पर्यटकाला माल विकणाऱ्याला जास्त भाडं परवडतं, त्यामुळे चिक्की, जॅम, टोप्या यांची दुकानं वाढतात आणि वह्या-पुस्तकं, भांडीकुंडी विकणारा मागे ढकलला जातो. अशा ठिकाणी उद्या एखादं प्रचंड दुकान आलं, तर स्थानिक माणूस त्याचं स्वागतच करील, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून नुसता ‘नको’चा फलक लावून भागणार नाही. गावाला काय हवं आणि ते कोण पुरवणार, हे आधी गावाने ठरवायला हवं.

महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे बांधकामावर निर्बंध आहेत. पण गावात कुठल्या वस्तू मिळेनाशा झाल्यात, याची नोंद निर्बंधांमध्ये नसते. तुमच्या नगरपरिषदेचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवतात. मुदत मोजकीच असते. नकाशा पाहायला जा, शेजारच्या दुकानदारालाही सोबत न्या. बाजारासाठी राखलेली जागा कुठे आहे, किती आहे, हे विचारा, आणि तुमचं म्हणणं लेखी द्या.