गेकोच्या पायाखालची जमीन

नमस्कार. आजचा विषय आहे पाळलेल्या गेकोच्या, म्हणजे पालीच्या कुळातल्या प्राण्याच्या, काचेच्या टँकमध्ये तळाला काय घालायचं. ऐकायला तो किरकोळ वाटतो, पण गेको पाळणाऱ्यांमध्ये या एका गोष्टीवरून जेवढे वाद होतात तेवढे खाण्यावरूनही होत नाहीत. काही जण म्हणतात, माती-वाळू घातलीत की जनावर आतडी तुंबून मरणार, म्हणून कागदच अंथरा. काहींना वाटतं, उकरणाऱ्या प्राण्याला जन्मभर कागदावर ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. दोघांनाही त्या जिवाची काळजी आहे आणि दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. माझं मत सरळ आहे. तुमचा गेको मुळात कुठल्या जमिनीवर राहतो ते नीट समजून घेतलं, तर सुरक्षित जमीन आणि नैसर्गिक जमीन बहुतेक वेळा एकच निघते.

जगात गेकोच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत. त्या सगळ्यांना एकच तळ चालावा ही अपेक्षाच चुकीची. सर्वांत जास्त पाळला जातो तो लेपर्ड गेको. त्याच्या बोटांखाली भिंतीला चिकटणाऱ्या गाद्या नसतात, नख्या असतात. काचेवर त्याला चढता येत नाही; तो जमिनीवर चालतो, उकरतो, कपारीत शिरतो. मूळचा तो अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या टापूतला. रखरखीत प्रदेशातला प्राणी म्हटलं की आपल्याला वाळूच्या टेकड्या दिसू लागतात, आणि दुकानदारही पिवळीधमक वाळूची पिशवी पुढे करतो. प्रत्यक्षात तिथली जमीन टणक असते. चिकणमाती, बारीक खडी, मोठे दगड, मधूनमधून खुरटं गवत. वाळू असते, पण मातीत मुरलेली आणि उन्हानं घट्ट झालेली.

याउलट नामिबच्या वाळवंटातला जाळीदार पायांचा गेको पाहा. त्याच्या बोटांमध्ये पडदे असतात, मोकळ्या वाळूत बीळ खणण्यासाठी. त्याला वाळूच हवी. क्रेस्टेड गेको तिसऱ्याच प्रकारचा. न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा हा प्राणी नामशेष झाला असं मानलं जात होतं. १९९४ मध्ये तो पुन्हा सापडला. तो झाडाझुडपांत राहतो, पाऊसपाण्याच्या जंगलात. त्याला लेपर्ड गेकोचा कोरडा टँक दिला तर कातसुद्धा धड टाकता येणार नाही.

आता ज्या भीतीमुळे बहुतेक जण इथे आलेत तिच्याकडे वळू. तिला सगळे इम्पॅक्शन म्हणतात, म्हणजे गिळलेलं काहीतरी आतड्यात साठून वाट बंद होणं. हे खरोखर घडतं आणि त्यात प्राणी दगावतात. पण माती पोटात गेली म्हणून ती अडकलीच, असं नसतं. गेकोचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. लेपर्ड गेकोच्या उबदार कोपऱ्यात पृष्ठभागाचं तापमान साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस हवं. ते २५च्या आसपास राहिलं तर आतड्यांची हालचाल मंदावते आणि साधा किडाही नीट पचत नाही. दुसरं कारण कॅल्शियमची कमतरता. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं, आणि आतडं हाही स्नायूच आहे. तिसरं पाणी. तहानलेल्या शरीरात विष्ठा कोरडी आणि घट्ट होते. चौथं, पोटातले परजीवी. यातलं काही बिघडलेलं असताना तळाला सुटी वाळू असेल, तर घात होतो. उबदार, धडधाकट प्रौढ गेकोच्या तोंडात शिकारीबरोबर चिमूटभर माती गेली, तर ती सहसा विष्ठेतून बाहेर पडते.

म्हणून नवा आणलेला गेको, आजारी गेको आणि लहान पिल्लं यांच्यासाठी मी ठामपणे कागद सुचवतो. साधा, पांढरा, बिनवासाचा किचन टॉवेल. तो दिसायला रुक्ष असतो, पण त्यावर विष्ठा लगेच दिसते. ती पातळ आहे का, त्यात न पचलेले किडे आहेत का, दोन दिवस झालीच नाही का, हे सगळं त्या कागदावर वाचता येतं. प्राणी नीट खातोय, वजन धरतोय आणि विष्ठेची तपासणी स्वच्छ आली, की मग कायमच्या जमिनीचा विचार करावा.

काही गोष्टी मात्र कधीच वापरू नका. पहिली, कॅल्शियमची वाळू. खाल्ली तरी पचते असं सांगून ती विकली जाते. ही वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते पोटातलं आम्ल निष्प्रभ करतं, त्यामुळे पचन आणखी बिघडतं. शिवाय ओलं झालं की त्याचे गोळे होतात. त्यातही वाईट म्हणजे कॅल्शियम कमी पडलेला गेको ती मुद्दाम चाटतो, म्हणजे ज्याचं आतडं आधीच कमजोर आहे तोच ती सर्वांत जास्त खातो. दुसरी, अक्रोडाच्या कवचांचा भुगा. त्याच्या कडा धारदार असतात. तिसरी, देवदार किंवा पाइनचा भुसा. त्यातली वासाची तेलं श्वसनाला त्रास देतात. तोंडात मावेल एवढी खडी नको, रंगीत वाळू नको, खत घातलेली कुंडीची मातीही नको. ‘रेप्टाइल कार्पेट’ म्हणून जो गालिचा मिळतो त्याच्या धाग्यांत नख्या अडकतात आणि घाण आत मुरते. तोही मला पसंत नाही.

ज्यांना सुटी माती नको आणि कागदही नको, त्यांच्यासाठी फरशी उत्तम. खडबडीत स्लेट दगडाची असेल तर सर्वांत चांगली. ती उष्णता धरून ठेवते, नख्या घासल्या जातात आणि ओल्या फडक्यानं पुसता येते. चकचकीत टाइल नको, तिच्यावर पाय घसरतात. फरश्यांमधल्या फटीत किडे लपतात, म्हणून त्या मातीनं बुजवा. फरशीवर उकरता येत नाही ही उणीव आहेच. त्यासाठी एका टोकाला मातीनं भरलेलं पसरट भांडं ठेवता येतं.

आता माझ्या आवडीचा भाग, घट्ट मातीचा तळ. सर्वसाधारण प्रमाण असं: सत्तर टक्के साधी माती, खत, कीटकनाशक आणि पर्लाइटचे पांढरे दाणे नसलेली, आणि तीस टक्के धुतलेली बारीक वाळू. त्यात थोडी चिकणमाती मिसळली तर पकड आणखी चांगली येते. हे मिश्रण पाणी घालून कालवा. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. टँकमध्ये सात ते दहा सेंटिमीटर थर द्या, हातानं दाबून बसवा, कुठे चढ, कुठे खळगा करा आणि पूर्ण सुकू द्या. यात घाई करू नका, खालचा थर वाळायला बरेच दिवस लागतात. वाळल्यावर बोटानं टोकरून पाहा. वरचा पापुद्रा टणक लागला आणि नखानं उकरता आला, तर जमलं. भुसभुशीत धूळ उडाली तर चिकणमाती वाढवून पुन्हा कालवा.

दगड मांडताना एक गोष्ट जिवावर बेतू शकते. जड दगड मातीच्या थरावर ठेवू नका. गेको त्याखाली उकरतो, दगड खचतो आणि प्राणी चिरडला जातो. दगड आधी थेट टँकच्या तळावर बसवा, हलवून पाहा, आणि मग भोवती माती भरा. बाहेरून आणलेले दगड घासून धुवा. ते ओले असताना भट्टीत तापवू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो.

मघाशी एका ताईंनी विचारलं की टँकखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, आहे, तर माती चालेल का. जाड थर घातला की मॅटची उष्णता वर पोहोचत नाही, खालीच कोंडते. वर गेको गारठलेला आणि खाली काच तापून तडकण्याच्या बेतात, अशी स्थिती होते. मातीचा तळ करायचा तर उष्णता वरून, दिव्यानं द्या, त्याखाली एक चपटा दगड ठेवा आणि तापमान आपोआप आवरणारा थर्मोस्टॅट लावाच. तापमान दगडाच्या पृष्ठभागावर मोजा; काचेवर चिकटवलेली पट्टी हवेचा अंदाज देते, दगडाचा नाही.

कोरड्या टँकमध्येही एक ओलसर खोपा हवाच. झाकणाचा डबा, त्याला एक दार, आत ओलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ. गेको कात टाकायला तिथे जातो. हा खोपा नसेल तर बोटांवर जुनी कात राहते, सुकून आवळते, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट झडतं. अशी झडलेली बोटं असलेले गेको फार दिसतात, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण हे सहज टाळता येतं.

क्रेस्टेड गेकोसाठी सगळं वेगळं. तळाशी भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा निचऱ्याचा थर, त्यावर जाळी, त्यावर काथ्याचा भुगा आणि माती, आणि सर्वांत वर वाळलेल्या पानांचा जाड थर. पानं कीटकनाशक न मारलेल्या झाडाची असावीत. या ओल्या मातीत स्प्रिंगटेल आणि छोटे आयसोपॉड हे मातीत राहणारे बारीक जीव सोडले तर ते बुरशी आणि विष्ठा खाऊन माती जिवंत ठेवतात. तरी मोठी विष्ठा काढायचं काम आपलंच. आणि टँक पाण्यात भिजलेला ठेवू नका. फवारल्यानंतर पुढच्या फवारणीपर्यंत पृष्ठभाग थोडा सुकला पाहिजे.

मातीवर ठेवलेल्या गेकोला किडे चिमट्यानं किंवा गुळगुळीत कडांच्या वाटीत द्या, म्हणजे झडप घालताना माती तोंडात जात नाही. लेपर्ड गेको सहसा ठरावीक कोपऱ्यातच विष्ठा करतो, तेव्हा तो कोपरा रोज बघा. तिथली माती उचलायची आणि नवी दाबायची.

शेवटचा प्रश्न होता, गेको मुद्दाम माती खाताना दिसला तर काय करायचं. त्याच दिवशी त्याला कागदावर हलवा, उबदार कोपऱ्यातल्या पृष्ठभागाचं तापमान मोजा आणि शुद्ध कॅल्शियमची पूड बाटलीच्या झाकणात ठेवा. खाणं थांबलं असेल, तो कुंथत असेल, पोट फुगून त्यावर गडद डाग दिसत असेल किंवा मागचे पाय ओढत असेल, तर घरी तेल पाजत बसू नका. सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या, आणि सोबत त्या मातीची मूठभर पुडी बांधून घ्या.