कमरेचा पट्टा

(बडोद्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, कॅमेरामन मागे मागे चालत शूट करतो तेव्हा त्याचा एक डोळा व्ह्यूफाइंडरला चिकटलेला असतो आणि दुसरा बहुधा मिटलेला. पाठीमागचं काही दिसत नाही. म्हणून असिस्टंट त्याच्या कमरेचा पट्टा मागून धरून चालतो. दगड आला की बाजूला ओढतो, पायरी आली की थांबवतो. त्या उत्तरायणाला दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या गच्चीवर मी पतंग टिपत होतो आणि माझा पट्टा धरणाऱ्या पोराला मीच खाली पिटाळलं होतं. "जा रे, उंधियू गार होईल." कठडा होता, पण गुडघ्याएवढा. आभाळात पेच लागला होता. तो फ्रेममध्ये राहावा म्हणून मागे सरकलो.

पुढचं भराभर सांगतो. मणका मोडला, मज्जारज्जूला मार लागला, कमरेखालचं सगळं गेलं. चार महिने दवाखाना, वर्ष-दीड वर्ष घर. लोकांना याच काळाबद्दल ऐकायचं असतं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. आढ्याकडे बघत पडलो होतो. आजच्या परिचयात 'जिद्द' तीनदा आली, मी मोजली. त्या दीड वर्षात ती कुठे होती कोण जाणे.

फाळके मात्र आठवायचे. दादासाहेब आपल्या कलाभवनात शिकले हे प्रत्येक बडोदेकर सांगतो. सिनेमाच्या वेडापायी डोळे ताणताणून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी ती परत आली. १९१२मध्ये ते लंडनला जाऊन आले, कॅमेरा मागवला आणि भांडवलदाराला पटवण्यासाठी काय टिपलं? कुंडीतला वाटाणा! कॅमेरा जागचा हलवायचा नाही, कोंब वाढेल तसं थोड्याथोड्या वेळाने एकेक चित्र घ्यायचं. पडद्यावर मिनिटभरात बी रुजून रोप उभं राहतं. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३चा. मी वीस वर्षं वराती, पूर, गरबे यांच्यामागे धावलो. वाटाण्यासमोर बसून राहायचं मला सात जन्मांत सुचलं नसतं. आता बसण्याखेरीज दुसरं होतं काय?

तसं चाकाच्या खुर्चीतून शूटिंग हा काही माझा शोध नव्हे. फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या १९६०च्या 'ब्रेथलेस' सिनेमात ट्रॉलीऐवजी अशीच खुर्ची वापरली. राऊल कुतार कॅमेरा घेऊन बसायचा, गोदार स्वतः ढकलायचा. फरक इतकाच, की शॉट संपला की कुतार उठायचा.

खुर्चीत माझा डोळा जमिनीपासून पावणेचार फुटांवर येतो. पूर्वी सव्वापाचावर होता. हे दीड फूट काय असतं ते मला खंडेराव मार्केटात कळलं. भाजीवाल्याने माझ्या डोक्यावरून माझ्या भाच्याला विचारलं, "आमने शुं जोईए?" यांना काय हवंय? मी मेथी म्हणालो, तरी जुडी भाच्याच्याच हातात गेली. राग आला, नाही असं नाही. पण त्याच वेळी दिसलं, की या उंचीवरून तोंडं नाहीतच, नुसते हात आहेत. नाणी मोजणारे, मिरचीचं देठ मोडून बघणारे, कोथिंबिरीची एक काडी हळूच जास्तीची ओढून घेणारे. दुसऱ्या दिवशी मांडीवर कॅमेरा घेऊन गेलो. ती माझी अपघातानंतरची पहिली फिल्म. एकोणीस मिनिटं, एकही चेहरा नाही.

कामाची पद्धत सगळीच बदलली. बसून बसून जखमा होतात आणि मला तर त्या दुखतही नाहीत, कळणार कशा? म्हणून दर वीस मिनिटांनी भाचा ओरडतो, "मामा, उठाव!" मग दोन्ही हातांवर जोर देऊन बूड वर उचलायचं. समोर कितीही सुंदर काही घडत असो, कॅमेरा आधी खाली. लघवीसाठी चार-पाच तासांनी नळी घालावी लागते, म्हणजे लोकेशन बघायला गेलो की पहिली चौकशी उजेडाची नाही, संडासाच्या दाराच्या रुंदीची. आणि पाय कधीकधी आपल्या मर्जीने झटका देतात. मार्केटच्या फिल्ममध्ये एका म्हाताऱ्या बाईंचे हात चिंच सोलताहेत आणि अचानक सगळी फ्रेम थरथरते. एडिटिंगच्या वेळी सगळे म्हणाले, हे काप. मी ठेवलं. तेवढं एकच दृश्य माझ्या पायांनी शूट केलंय.

आता प्रश्नांना वेळ ठेवू. त्याआधी एक. या व्यासपीठाला तीन पायऱ्या आहेत, आणि मघाशी मला वर घेताना डावीकडच्या काकांनी चाक धरलं होतं. काका, चाक फिरतं हो. उतरवताना पायाजवळची दांडी धरा, आणि मागच्याने आधी पायरी बघायची.